स्वस्तातला प्रिंटर

आमच्या हॉलमधला मराठीचा क्लास सुरू झाला तो माझ्या मैत्रिणीमुळे. ती आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहते. तिचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच रिक्षातून शाळेत जायची, तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. मुलं मोठी झाली, माझी मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तिचा मुलगा कॅनडाला, आणि बोरीवलीत आम्ही दोघी उरलो. आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असायची आणि तिच्या घराची माझ्याकडे. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी तीच बसून होती. सख्खी बहीण कांदिवलीत असून दुसऱ्या दिवशी आली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक म्हणतात, तुला माणसं ओळखता येत नाहीत. मला ती चांगली ओळखता येत होती. बाकावर बसलेली ती खोटी नव्हती.

लग्नाआधी मी एका शाळेत प्राथमिकच्या मुलांना मराठी शिकवायचे. मुलगी झाल्यावर ते सुटलं आणि परत धरायचं राहून गेलं. आमच्या आजूबाजूला गुजराती, मारवाडी कुटुंबं पुष्कळ. त्यांची मुलं इंग्रजी शाळेत जातात, खाली खेळताना मुंबईचं धेडगुजरी मराठी फाडफाड बोलतात, पण वाचायला बसवलं की 'घ' आणि 'ध' मध्ये अडकतात. एक दिवस लिफ्टमध्ये कोणीतरी मैत्रिणीला विचारलं की मराठी शिकवणारं कोणी माहीत आहे का. तिने मला न विचारताच सांगून टाकलं की वरच्या मजल्यावर क्लास आहे, सोमवारपासून पाठवा. मग वर येऊन मला म्हणाली की टेन्शन घेऊ नकोस, शिकवायचं तू, बाकीचं सगळं मी बघते.

आणि तिने बघितलंही. आयांशी बोलणं, फी गोळा करणं, सुट्ट्या ठरवणं, कोणाचा मुलगा कोणाच्या मुलाला मारतो त्याचा निवाडा करणं, सगळं तिच्याकडे. तिला ते आवडायचं. पूर्वी ती विम्याच्या ऑफिसात होती आणि अनोळखी माणसाला दोन मिनिटांत आपलंसं करायची तिची सवय तशीच राहिली होती. मी मुलांपुढे बसायचे.

पुस्तकातली चित्रं मुलांना पुरत नाहीत, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. म्हणून मी कार्डशीटवर जलरंगांत चित्रं काढायला लागले. एक अक्षर, एक चित्र, खाली दोन-तीन सोपी वाक्यं आणि गाळलेल्या जागा. मला चित्रं काढता येतात हे मी जवळजवळ विसरले होते. दुपारी जेवणाची भांडी आवरली की खिडकीशी बसायचे. मैत्रीण वर यायची, चष्मा डोक्यावर सरकवून चित्र हातात धरायची आणि तोंडावर सांगायची. भोपळा भोपळ्यासारखा नाही दिसत. मोराची मान लांब झाली. 'प'साठी मी नुसता पोपट काढला होता, तर म्हणाली, त्याला पेरूवर बसव, म्हणजे एका चित्रात दोन 'प' होतील. तो पेरूवरचा पोपट मुलांना सगळ्यांत जास्त आवडला. 'म' मासा काढला तेव्हा एका जैन बाईंनी हळूच विचारलं की मोर नाही का चालणार. मैत्रिणीनेच त्यांना समजावलं की मासा पाण्यात पोहतोय, ताटात नाही. त्या हसल्या आणि मासा राहिला. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मी माझ्या नावाचं पहिलं अक्षर अगदी बारीक घालायचे. शाळेत चित्रकलेच्या बाई तसं करायला लावायच्या, म्हणून.

चित्रांच्या रंगीत प्रती काढायला सोसायटीच्या गेटसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि दुकान बंद झालं. स्टेशनजवळच्या दुकानात रंगीत पानाला बराच जास्त दर, त्यात रिक्षा, आणि कॉलेजच्या पोरांच्या प्रोजेक्टांची रांग. तेव्हा आम्ही ठरवलं की घरीच प्रिंटर घ्यायचा, अर्धेअर्धे पैसे घालून.

मी या गोष्टी उगाच घाईने करत नाही. माझा नवरा एका औषध कंपनीच्या खरेदी विभागातून निवृत्त झाला आहे. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, मशीन केवढ्याला आहे ते शेवटी बघ, ते रोज काय खातं ते आधी बघ. मग आम्ही दोघं आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलो. मला जे समजलं ते असं. एक प्रिंटर अगदी स्वस्त मिळतो, पण त्यात शाईची छोटी बंद डबी बसते, तिला कार्ट्रिज म्हणतात, आणि ती संपली की नवी घ्यावी लागते. कंपनी मशीन स्वस्त देते आणि शाईवर वसूल करते. दुसरा प्रिंटर सुरुवातीला खूप महाग, पण त्याला शाईच्या टाक्या असतात. बाटली उघडायची आणि टाकीत ओतायची. त्या बाटल्या खूप दिवस चालतात आणि रंगीत पान अगदी स्वस्तात पडतं. तिसरा लेझर, तो काळं पान झकास काढतो, पण रंगीत लेझर आमच्या आवाक्यातला नव्हता. नवऱ्याने कागदावर मांडून दाखवलं की आम्ही जेवढी पानं काढतो तेवढी काढत राहिलो, तर साधारण वर्षभरात टाकीवाल्याचे वरचे पैसे फिटतील आणि तिथून पुढे तोच स्वस्त पडेल. फक्त क्लास चालू राहायला हवा. मी म्हटलं, तो तर चालणारच आहे.

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला आम्ही दोघी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. मी टाकीवाला दाखवायला सांगितला. दुकानदाराने तो दाखवला, पण शेजारी छोटा, पांढरा, स्वस्तातला प्रिंटरही मांडून ठेवला आणि म्हणाला की घरगुती वापराला लोक हाच नेतात. मी त्याला विचारलं की याच्या एका कार्ट्रिजमध्ये रंगीत पानं किती निघतात. तो म्हणाला, पुष्कळ. मैत्रिणीने छोट्यावर हात ठेवला.

"एवढं मोठं धूड कशाला गं?" ती म्हणाली. "आपल्याला काय छापखाना काढायचाय?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. बाटल्या, टाक्या, वर्षभराचा हिशोब. ती ऐकत होती, पण बघत होती बाहेर रस्त्याकडे. माझं झाल्यावर म्हणाली की वर्षभराने काय असेल ते कोणी बघितलंय. आत्ता थोडक्यात भागवू, क्लास वाढला तर पुढे मोठा घेऊ.

मला नवल वाटलं. क्लास वाढवायचं खूळ तिचंच होतं. बोर्ड लावू, शनिवारची बॅच काढू, चौथीच्या पुढची मुलं घेऊ, हे तीच म्हणायची आणि मी तिला आवरायचे. आज ती मागे का सरतेय? तिच्या चेहऱ्याकडे बघितलं तर ओढलेला दिसला. माझ्या मनात आलं, मुलाला कॅनडाला पैसे पाठवावे लागले असतील, हात आखडला असेल. तुझे अर्धे पैसेही मीच भरते म्हटलं असतं तर तिला लागलं असतं. म्हणून मी गप्प बसले आणि छोटा प्रिंटर घेतला. येताना रिक्षात तो तिच्या मांडीवर होता आणि ती नेहमीपेक्षा जास्त बोलत होती.

पहिले काही दिवस मजेत गेले. हॉलच्या कोपऱ्यात बसून तो घरघर करायचा आणि एकेक रंगीत पान बाहेर सरकायचं. मुलं त्याच्यासमोर मांडी घालून बसायची. मग अचानक पानांवरचा पिवळा रंग गेला आणि पोपट निळसर झाला. मी दुकानात गेले. दुकानदार शांतपणे म्हणाला की मॅडम, मशीनबरोबर येतं ते कार्ट्रिज सुरुवातीपुरतंच असतं, अर्धं भरलेलं. हे त्याने आधी सांगितलं नव्हतं आणि खोक्यावर कुठे असलंच तर मी वाचलं नव्हतं. काळ्याचं एक आणि रंगीताचं एक, अशी दोन नवी कार्ट्रिज मागितली, तर त्यांची किंमत मशीनच्या किमतीला टेकत होती.

तिथून ते चक्र सुरू झालं. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन रंग एकत्र असतात. आमच्या भाज्या आणि पोपट हिरवे, म्हणून पिवळा आणि निळा आधी संपायचा, लाल उरायचा, पण टाकायचं सगळंच. आठवडाभर गावाला गेलो तर शाई सुकायची, ती साफ करायला मशीन आणखी शाई प्यायचं. रंगीत संपलं की काळं पानही अडवून धरायचं. नवऱ्याने एका दुकानातून जुनं कार्ट्रिज भरून आणलं. ते थोडे दिवस चाललं, मग मशीनने त्याला ओळखच दाखवली नाही. मी रंग वाचवायला लागले. चित्रांचे मोबाइलवर फोटो घेऊन त्यांतली पार्श्वभूमी काढून टाकली, मग पानं फिकी काढायला लागले, मग काही नुसती काळीपांढरी. टोमॅटोचं करडं चित्र बघून एका मुलीने खात्रीने सांगितलं, वांगं. सगळी हसली. मीही हसले, पण त्या टोमॅटोवर मी एक अख्खी दुपार घातली होती.

नवरा म्हणाला की आता तरी टाकीवाला घे. मी मैत्रिणीकडे विषय काढला. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत थांबू. पैशांची तिला अडचण आहे हे मी मनाशी पक्कं धरलं होतं, म्हणून पुढे बोलले नाही. उलट त्या दोन-तीन महिन्यांत कार्ट्रिज मीच आणत होते आणि तिला त्याबद्दल बोलत नव्हते. याच काळात ती एकदा म्हणाली की तुझी मूळ चित्रं हाताळून मळतायत, माझ्या भावाच्या ऑफिसात चांगला स्कॅनर आहे, सगळी स्कॅन करून ठेवते. तिचा भाऊ मुलुंडला राहतो, त्याचा कसलासा व्यवसाय आहे, एवढंच मला माहीत होतं. मला बरं वाटलं. चित्रांची काळजी माझ्याशिवाय आणखी कोणाला तरी आहे, असं वाटलं. मी पूर्ण फाइल तिच्या हातात दिली, वर मऊ कापडात गुंडाळून. प्रिंटपुरते फोटो मोबाइलवर होतेच, म्हणून ती परत मागायची घाई केली नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि मुलं कमी यायला लागली. आधी एक, मग भावंडांची एक जोडी, मग तिसरी-चौथीतली जवळजवळ सगळीच. मैत्रिणीने कारणं सांगितली. कोणाची परीक्षा, कोणाला पोहण्याचा क्लास लागला, कोणी दहिसरला घर घेतलं. तिचंही येणं कमी झालं. गुडघा दुखतो, जिना नको वाटतो, असं म्हणाली. लिफ्ट चालू होती. मला तेव्हाही ते खटकलं नाही. मी तिच्याकडे तेल नेऊन दिलं आणि गुडघ्याला स्वतः चोळून दिलं.

एक दिवस सकाळी मी भाजीला गेले होते. कोथिंबिरीच्या गाडीपाशी त्या जैन बाई भेटल्या, माशाबद्दल विचारणाऱ्या, बरोबर त्यांचा मुलगा. मी त्याला विचारलं की काय रे, येत का नाहीस. त्याने आईकडे बघितलं. बाई मोकळेपणाने, हिंदी-मराठी मिसळून म्हणाल्या की तो तर रोज जातो नव्या क्लासला, तुम्ही तिथे कधीपासून येणार, मॅडम म्हणाल्या होत्या की तुम्ही घरच्या अडचणीमुळे थोडे दिवस येत नाही आहात. मला काही समजेना. मुलाने उत्साहाने दप्तरातून कागद काढून दाखवला.

माझा पोपट होता. पेरू पिवळा, पोपट असा हिरवागार की मी मूळ काढला तेव्हाही इतका नव्हता. जाड, गुळगुळीत कागद. वरती एका क्लासचं नाव आणि पत्ता. पूर्ण पान रंगीत, मी वाचवायला म्हणून काढून टाकलेली पार्श्वभूमीसुद्धा होती, पानं, फांदी, आभाळ. कोपऱ्यातलं माझं अक्षर तेवढं नव्हतं. मी बाईंना काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी साधंच बोलले असेन, कारण त्यांना काही जाणवलं नाही. भाजी न घेताच मी त्या पत्त्यावर गेले.

आमच्या सोसायटीपासून चालत जाण्याजोगंच अंतर होतं, एका नव्या टॉवरचा पहिला मजला. बाहेर फ्लेक्सवर माझा पोपट माणसाएवढा मोठा करून लावला होता. आत नवी बाकं, फळा, एसी. मैत्रीण टेबलाशी उभी राहून कागद जुळवत होती. तिच्यामागे एका स्टुलावर प्रिंटर होता. तोच, दुकानात मी मागितलेला. पुढच्या बाजूच्या छोट्या खिडक्यांतून चारही रंग भरलेले दिसत होते.

"तू कशी काय आलीस?" ती म्हणाली. ये नाही, बस नाही.

खरं तर मला क्लासबद्दल विचारायला हवं होतं, चित्रांबद्दल, मुलांबद्दल. पण माझी नजर त्या मशीनवरून हलेना.

"हा कधी घेतलास?"

तिने मागे वळून मशीनकडे बघितलं. मग म्हणाली, "मे महिन्यात. भावाने घेऊन दिला."

आम्ही दुकानात गेलो होतो जूनमध्ये.

"म्हणजे आपण गेलो तेव्हा हा तुझ्याकडे होता?"

"भावाकडे होता. खोक्यातच होता अजून."

"मग मला तो छोटा का घ्यायला लावलास?"

तिने कागद खाली ठेवले. तिचा आवाज अगदी मऊ झाला, समजूत घालताना होतो तसा. "तुझे पैसे जास्त अडकू नयेत म्हणून. मला माहीत होतं ना, तुझ्या हॉलमधलं ते वर्षभरसुद्धा चालणार नाही. उगाच तुला खड्ड्यात कशाला घालू? तुझ्या चांगल्यासाठीच केलं गं."

ती हे मनापासून म्हणत होती. मला आजही वाटतं की तिला तसंच वाटत होतं.

मी उभीच होते. मग तिने सगळं सांगितलं, मी न विचारताच. भावाने पैसे घातले आहेत, भागीदारी त्याची आणि तिची. तो म्हणाला, घरच्या हॉलमध्ये असल्या गोष्टी वाढत नाहीत. तिने माझं नाव काढलं होतं, पण तो म्हणाला की शिकवायला तरुण मुली कमी पगारात मिळतात. शिवाय मला धंद्याचं कळत नाही, मी मुलांना वेळ संपल्यावरही बसवून ठेवते, फी थकली तरी मागत नाही. तिला मला दिवाळीनंतर सांगायचंच होतं, पण धीर झाला नाही. मी विचारलं की माझ्या चित्रांचं काय. ती म्हणाली, "ती आपली दोघींची नाहीत का? पोपट पेरूवर बसव म्हणून कोणी सांगितलं होतं?"

ते खरं होतं. पोपट पेरूवर तिनेच बसवला होता. मी खाली उतरून आले.

घरी येताना माझ्या डोक्यात नवऱ्याने मांडलेला तो हिशोब फिरत होता. स्वस्तातला प्रिंटर ज्यांना थोडे दिवसच वापरायचा आहे त्यांनी घ्यावा. जास्त दिवस राहायचं असेल त्याने टाकीवाला घ्यावा. हे मीच तिला दुकानात एवढं समजावून सांगितलं होतं आणि ते ऐकत असताना तिला माझ्यापेक्षा चांगलं समजत होतं. तिची पैशांची अडचण नव्हतीच. ओढलेला चेहरा दुसऱ्याच कशाने ओढलेला होता. आणि मी तिला जपायला म्हणून कार्ट्रिजचे पैसे मागितले नव्हते, रंग वाचवत बसले होते, मुलांना करडा टोमॅटो दाखवत होते, तेव्हा चालण्याच्या अंतरावर भरलेल्या टाक्या होत्या आणि त्यांतून माझीच चित्रं निघत होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो तडक उठला, सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो म्हणाला. मी त्याला थांबवलं. बहीण म्हणाली की वकिलाला विचार. मी तेही केलं नाही. चित्रं माझी आहेत हे मला कोणाला पटवून द्यायचं नव्हतं. ज्या एका माणसाला ते पक्कं माहीत होतं, तिनेच ती घेतली होती. मी तिला फोनवर एवढाच निरोप लिहिला की मूळ चित्रं परत पाठव.

ती स्वतः आली नाही. काही दिवसांनी वॉचमनने एक पिशवी आणून दिली. सगळी चित्रं होती, माझ्याच कापडात गुंडाळलेली, नीट लावलेली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात चुका खोडायच्या पांढऱ्या शाईचा एक ठिपका होता, बरोबर माझ्या अक्षरावर. काम सावकाश, सफाईने केलेलं होतं, बाजूच्या रंगाला कुठे धक्का नव्हता. पिशवीच्या तळाशी आमच्या घराची किल्ली होती. ती बघून मात्र मला रडू आलं. तिच्या घराची किल्ली मी त्याच संध्याकाळी पाकिटात घालून वॉचमनकडे दिली.

ते पांढरे ठिपके नखाने खरवडून बघितले, पण खालचा रंगही निघायला लागला, म्हणून सोडून दिलं.

क्लास बंद झाला नाही. थोडी मुलं राहिली, काही नवी आली, त्यात समोरच्या चाळीतल्या काही मराठी घरांतलीही आहेत. त्यांना मराठी बोलता येतं, पण शाळा इंग्रजी. छोटा प्रिंटर नवऱ्याने भंगारवाल्याला दिला. त्याने तो हातात तोलून बघितला आणि अगदी किरकोळ पैसे टेकवले. मग मी एकटी जाऊन, सगळे प्रश्न विचारून, खोक्यावरचं वाचून, काळ्या पानांचा साधा लेझर घेतला. आता मी नुसत्या रेषांची चित्रं काढते. रंग मुलं भरतात, खडूने, हवे ते. निळा भोपळा, जांभळा पोपट, जे येईल ते. आया तक्रार करत नाहीत. खिडकीशी बसून काढते तेव्हा चुकलेली मान मला उशिरा दिसते. नवरा सगळ्यालाच छान म्हणतो.

तिचा क्लास चांगला चालला आहे. भावाने मुलुंडला दुसरी शाखा काढली, असं ऐकलं. इमारतीत आम्ही एकमेकींना दिसतोच, गणपतीत एका ओळीत बसतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर दोघींचं एकमत होतं. लोकांना वाटतं आमचं काही बिनसलेलं नाही.

परवा लिफ्टमध्ये दोघीच होतो. ती म्हणाली की बाराखडीचा नवा संच करायचाय, चित्रं तू काढशील का, चित्रामागे पैसे देऊ, नावही घालू. मी नाही म्हटलं. तिने विचारलं, "अजून राग आहे?"

"राग नाही," मी म्हटलं. "पण नाही काढणार."

तिचा मजला आला. ती उतरली, पण दार पायाने अडवून उभी राहिली. आत ये जरा, म्हणाली, कॅनडाहून नातवाचे फोटो आलेत. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सांगितलं की मुलं यायची वेळ झाली. त्या दिवशी रविवार होता, क्लास नसतो, हे तिला माहीत होतं. तिने पाय काढला आणि दार बंद झालं.